वरखालीकाकांचा नववा मजला

वरखालीकाकांनी तेहतीस वर्षं एका आठमजली इमारतीत लिफ्ट चालवली. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. इमारतीतले कारकून, वकील, दातांचे डॉक्टर, सगळे त्यांना वरखालीकाका म्हणत, आणि त्यांना ते आवडे. लिफ्ट जुनी होती. ओढायचं जाळीचं दार, पितळी दांडा आणि दांड्याशेजारी काकांचं लाकडी स्टूल. ती बेताचंच वजन पेलायची, त्यामुळे काकांच्या डोळ्यांना एक खोड लागली होती. त्यांना समोर माणूस दिसायचाच नाही, किलो दिसायचे. "साहेब, तुम्ही पुढच्या खेपेला. अठ्ठ्याऐंशी आहात," असं ते बिनदिक्कत सांगत. साहेब चिडत, औषधांच्या दुकानात जाऊन काट्यावर उभे राहत आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पुढच्या खेपेला थांबत.

मग मालकांनी नवी लिफ्ट बसवली. बटण दाबा आणि जा. आत एक न दिसणारी बाई गोड आवाजात मजला सांगे. "तिला चढणाऱ्याचं तोंड तरी दिसतं का?" एवढंच काका म्हणाले. निरोप देताना मालकांनी भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं. काकांनी ते नको म्हणून स्टूल मागून घेतलं.

त्या स्टुलाने घरात उच्छाद मांडला. काकांनी ते घराच्या दारापाशी, आतल्या बाजूला ठेवलं आणि चार महिने त्यावर बसून राहिले. दार वाजलं की उघडायचे, आलेल्याला नखशिखान्त न्याहाळायचे आणि पुन्हा बसायचे. एकदा दूधवाल्याला त्यांनी "कितवा?" असं विचारलं. दूधवाला बिचारा बराच वेळ विचार करत उभा होता.

काकूंनी आधी समजावलं, मग चिडल्या, मग मुलीला फोन करून रडल्या. काकांना हे सगळं ऐकू येत होतं. तीन पावलांवर तर बसले होते. पण काय सांगणार? तेहतीस वर्षं आपल्यावाचून कुणाचं पाऊल वर पडत नव्हतं, आणि आता आपल्यामुळे अडतं ते फक्त दार. तेसुद्धा आपण मधे बसतो म्हणून.

शेवटी एका शनिवारी काकू कंबर कसून समोर उभ्या राहिल्या. सहा वर्षांची नात सुट्टीला आली होती, तिला समुद्रावरच्या जत्रेत न्यायचं होतं. शहराबाहेर, खाडीच्या पलीकडे, किनाऱ्यावर ही बारमाही जत्रा भरलेली असे. पाळणे, घोड्यांचं चक्र, नेमबाजीचे तंबू, वेडेवाकडे आरसे.

"आजचा एक दिवस चला," काकू म्हणाल्या. "परत आल्यावरही हेच स्टूल बरं वाटलं, तर जन्मभर बसा त्यावर. मी तोंड उघडणार नाही."

काकूंनी तोंड न उघडणं ही फार मोठी लालूच होती. काका उठले.

बसमधून उतरल्यापासून काकांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होता. आरशांच्या तंबूत एका आरशाने त्यांना एकशे चाळीस किलोंचं केलं. "साफ खोटं," म्हणून ते बाहेर आले. घोड्यांच्या चक्राकडे पाहून म्हणाले, "हे कुठेच जात नाही." नातीने आकाशपाळण्याकडे बोट दाखवलं तेव्हा मात्र त्यांनी हात झटकले.

"तू आणि आजी बसा. मी खाली उभा राहतो."

"आजोबा घाबरतात!"

"घाबरत नाही गं. दुसऱ्याच्या हातात दांडा असला की मी वर जात नाही."

हे मात्र अक्षरशः खरं होतं. काकांच्या सुट्टीच्या दिवशी बदली लिफ्टमन येई. कधी त्या दिवशी इमारतीत काम निघालंच तर काका आठही मजले जिन्याने चढत.

आकाशपाळणा जुना होता. सोळा रंगीत पाळणे, खाली मोटर आणि मोटरीपाशी एक लांब दांडा. दांड्यावर पाळण्याची मालकीण उभी होती, उन्हाने रापलेली, आवाज बसलेली दणकट बाई. माणसं बसवायचं काम तिचा भाऊ करी. तो पाय मोडून घरी पडला होता, म्हणून ती एकटीच रांगेतून येतील तशी माणसं भरत होती. पहिला पाळणा भरला, दुसरा, तिसरा, चौथा. पाळणा वर जाऊ लागला तशी मोटर कण्हली.

काकांनी जिवाचा कान केला. चार महिन्यांत त्यांची मान इतक्या झटक्यात वळली नव्हती.

"अहो बाई, एका अंगाला भरताय तुम्ही!" ते ओरडले. "तीनशेच्या वर गेलं एकीकडे. समोरची बाजू रिकामी आहे, मोटर ओढणार कशी?"

"माहीत आहे हो!" मालकीण घाम पुसत म्हणाली. "पण दांडा धरू, की वजनं बघू? तुम्ही बघता?"

ती हे वैतागून म्हणाली होती. काकांना ते नेमणुकीचं पत्र वाटलं. ते कठड्याच्या आत गेले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि त्यांचा आवाज जो सुटला तो थेट इमारतीतला.

"सावकाश! पायरी आहे. तुम्ही बाहत्तर, इकडे बसा. तुम्ही दोघी मिळून एकशे दहा, तुम्ही समोरच्या पाळण्यात. आधी इकडचा भरू, मग समोरचा. बाई, फिरवा अर्धा फेरा!"

मालकीण दांडा ओढी, समोरचा पाळणा खाली येई, काका भरत. मोटरीचं कण्हणं थांबलं. रांगेत पोरंटोरं स्वतःहून विचारू लागली, "काका, मी किती?"

आणि इथेच काकांनी घोळ घातला. रांगेत एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं. नवरा चौऱ्याण्णव किलोंचा, बायको अठ्ठेचाळीस. काकांना दिसले ते एवढेच आकडे. त्यांनी नवऱ्याला लाल पाळण्यात एकटं बसवलं आणि बायकोला हाताला धरून बरोबर समोरच्या पिवळ्या पाळण्यात, शेचाळीस किलोंच्या एका अनोळखी आजीबाईंशेजारी नेऊन कोंबलं. वजन चोख जुळलं. नवरा आकाशात, बायको जमिनीवर.

"अहो, हे काय?" बायको किंचाळली. "आम्हाला एकत्र बसायचंय!"

"तुमचे पती तुमच्या समोरच आहेत की."

"समोर कुठे? डोक्यावर आहेत!"

वरून नवरा केविलवाणा हात हलवत होता. रांग खो खो हसत सुटली. आजीबाई म्हणाल्या, "राहू दे गं. माझे हे चाळीस वर्षं असेच लांबून हात हलवतायत."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, सामान आहे का ते? लग्न झालंय त्यांचं!"

काकांचे कान लाल झाले. आता कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. लिफ्टमधली माणसं कुठेतरी पोहोचायला चढत, शेजारी कोण आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. इथे सगळे जिथून चढले तिथेच उतरणार होते. तेव्हा शेजारी कोण बसलंय, एवढ्यासाठीच तर चढायचं!

"चुकलो," काका म्हणाले. तेहतीस वर्षांत हा शब्द त्यांनी लिफ्टमध्ये उच्चारला नव्हता. "बाई, लाल पाळणा खाली घ्या."

जोडपं एकत्र बसलं. आजीबाईंना पुढच्या पाळण्यात त्यांच्या दोन नातवंडांजवळ जागा मिळाली. पण आता लाल पाळण्यात एकशे बेचाळीस किलो झाले, आणि पिवळा रिकामा. रांगेत उरल्या होत्या फक्त काकू आणि नात.

"नात अठरा," काका मोठ्याने हिशेब करू लागले. "बायको त्रेसष्ट..."

"अहो, हळू! एकसष्ट!"

"एकसष्ट मी आहे. तू त्रेसष्ट. एक्याऐंशी झाले. म्हणजे कमी पडतात..."

ते थांबले. त्यांनी रांगेकडे पाहिलं. रांगेत कुणीही नव्हतं. मालकीण दांड्यावर हात ठेवून गालात हसत होती.

"किती कमी पडतात, काका?"

"एकसष्ट," काका पडेल आवाजात म्हणाले.

वजनाच्या बाबतीत ते आयुष्यात खोटं बोलले नव्हते. ते पिवळ्या पाळण्यात बसले, स्वतःच आडवा गज लावला, तो दोनदा ओढून पाहिला आणि मालकिणीला म्हणाले, "उचलताना झटका देऊ नका."

पाळणा उचलला गेला. काकांचा उजवा हात सवयीने दांडा शोधू लागला. दांडा नव्हता. काकूंचा हात होता, तो घट्ट धरला. काकूंनी दुसऱ्या हाताने नातीला जवळ ओढलं.

माथ्यावर पाळणा क्षणभर थांबला. खाली तंबू, मग वाळू, मग खाडी, आणि खाडीपलीकडे उन्हात पसरलेलं शहर. तेहतीस वर्षं ते या शहराच्या पोटात वर जात आणि खाली येत. लिफ्टला खिडकी नव्हती. वरून शहर कसं दिसतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. छपरावरच्या लाल टाकीवरून त्यांनी आपली इमारत ओळखली. केवढीशी होती!

"आजोबा, कितवा मजला?" नातीने विचारलं.

काकांनी खाली वाकून अंदाज घेतला.

"नववा," ते म्हणाले.

खाली उतरल्यावर मालकीण म्हणाली, "भावाचा पाय बरा व्हायला तीन महिने आहेत. आणि झाला तरी त्याला तुमच्यासारखी नजर नाही. याल का शनिवार-रविवार?"

काकांनी उगीच भाव खाल्ला. घरी विचारावं लागेल, बस लांब पडते, वगैरे. मग म्हणाले, "माझी एक अट आहे. बसायला स्टूल मी माझं आणणार."

"आणतील!" काकू इतक्या मोठ्याने म्हणाल्या की घोड्यांच्या चक्रावरची माणसंही वळून बघू लागली. "मी स्वतः आणून देते!"

पुढच्या शनिवारी बसमध्ये स्टूल काकूंच्या मांडीवर होतं. काकांनी मागूनही त्यांनी ते दिलं नाही. न जाणो, वाटेत विचार बदलला तर?