अर्ध्यांनी नको

“प्रभुभोजनाला त्याच्या बाजूला मी गुडघे टेकणार नाही, सांगून ठेवतो,” चर्चच्या मागच्या खोलीत पप्पा कोणाला तरी म्हणत होते. मी दाराबाहेर गीतपुस्तकांचा गठ्ठा धरून उभी होते. ‘तो’ म्हणजे मनोहर अंकल, ज्यांनी मला संडे स्कूलमध्ये शिकवलं. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. दोन उमेदवारांनी आमच्या कब्रस्तानाला भिंत बांधून देण्याचा शब्द दिला होता. एकावर पप्पांचा विश्वास, दुसऱ्यावर अंकलचा. तेवढ्यावरून आमची लहानशी लुथरन मंडळी दुभंगली होती. कोण डावीकडच्या बाकांवर बसतं आणि कोण उजवीकडच्या, यावरून मत कळायचं.

त्या रविवारी मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना वाचायची पाळी माझी होती. तिच्या शेवटी वाचणाऱ्याने मंडळीच्या विनंत्या घालायच्या असतात. सकाळी पप्पांनी आपल्या उमेदवाराच्या विजयाची विनंती लिहिलेली चिठ्ठी हातात दिली. फाटकाशी अंकलनी दुसरी दिली. “वाचशील नं वं? तुह्यावर भरोसा आहे.” मी दोघांनाही हो म्हटलं. नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही, शाळेतल्या इंग्रजीतही नाही आणि घरच्या मराठीतही नाही. अंकलच्या लोकांनी हुडकेश्वरला वेगळ्या उपासनेसाठी हॉल पाहून ठेवला होता. पप्पांची चिठ्ठी वाचली तर ते लोक उठून जाणार, अंकलची वाचली तर पप्पा. पाळकसाहेबांना आधीच सांगायला हवं होतं. तेही मी केलं नाही.

मी वाचायला लागले. आजारी, प्रवासी, शोकाकुल... विनंत्यांची जागा आली आणि मी थांबले. दोन्ही चिठ्ठ्या मुठीत होत्या. दोन्ही बाजू माझ्याकडे पाहत होत्या. मी मनातल्या मनात म्हटलं, प्रभू, माझ्याने होत नाही, तूच बघ.

तेवढ्यात दारात एक म्हातारी बाई चपला काढून आत आली. मधली मोकळी वाट आणि दोन्हीकडे तोंडं फिरवून बसलेली माणसं पाहून तिने मोठ्याने विचारलं, “लगन हाये काय वं? नवरदेवाकडचे कोनते?”

कोणीतरी फिसकन हसलं. ती तशीच माझ्यापर्यंत चालत आली. “मी पारशिवनीची. तुमच्यातली नाही. माह्या सुनेचं ऑपरेशन हाये इथं दवाखान्यात. सिस्टर म्हने, तिथं प्रार्थना करतेत.” मग दोन्हीकडे नजर फिरवून म्हणाली, “पन सगळ्यायनं मिळून करा बाई. अर्ध्यायनं नोका करू.”

ती दहा मिनिटं आधी किंवा नंतर आली असती तर काय झालं असतं, मला ठाऊक नाही. तिचं नावही विचारायचं राहिलं. पप्पा आणि अंकल काही एकदम मित्र झाले नाहीत. पण कोणी उठून गेलं नाही, आणि प्रभुभोजनाच्या वेळी, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, दोघे वेदीपुढच्या एकाच कठड्याशी गुडघ्यांवर होते, मध्ये दोन माणसांची जागा सोडून. तेवढ्यासाठीही मी आजही आभार मानते. माझ्याने होत नाही हे कबूल केल्यावरच मला धीर आला, एवढं मात्र त्या दिवशी शिकले.

त्या बाईचं बोलणं संपलं तेव्हा मी चिठ्ठ्या घडी करून पुस्तकात ठेवल्या, डोळे मिटले आणि म्हणाले, “प्रभू, या मावशींच्या सुनेला सांभाळ. माझ्याजवळ दोन चिठ्ठ्या आहेत. दोघांनाही मी हो म्हटलं, ते माझं चुकलं. त्या मी वाचणार नाही. आम्हा सगळ्यांचं मिळून हे एवढंच ऐक.”