पंगतीतला उपास

रविवारी भाचीच्या लग्नात आमच्या पंगतीला बारा जण होते. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मला उपास आहे." ताईनं लगेच साबुदाण्याची खिचडी आणून वाढली. त्यांनी खिचडीलाही हात लावला नाही. त्यांचा डावा हात मात्र सदऱ्यावरून पोटावरच होता.

तो हात मी ओळखला. ऑपरेशननंतर पोटावर शौचाची पिशवी आली, तेव्हा दोन वर्षं मीही असेच उपास सांगितले. तळहाताएवढी पिशवी, पण ती लपवण्यात अख्खा माणूस खर्ची पडतो.

बोलावं का? समोर मुलाकडची मंडळी होती. मी तीनदा पाणी प्यालो आणि शेवटी बोललोच, "पोटावर पिशवी मलाही आहे. सावकाश चावून जेवा."

ते पुटपुटले, "पिशवीतून आवाज झाला तर?"

"माझा म्हणून सांगा."

त्यांनी वरणभात मागितला.