बिजागरी आणि बिसाग्रा

स्पॅनिशच्या वर्गात 'बिसाग्रा' हा शब्द आला आणि मी बाकावरच हसले. अहो, ही तर दाराची बिजागरी! उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सुतारकाम करणाऱ्या माझ्या बाबांच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा येणारी. पोर्तुगिजांबरोबर हा शब्द आपल्या किनाऱ्याला लागला. स्पॅनिश बिसाग्रा त्याची सख्खी बहीण. त्यांचं मूळ कुळ कुठलं, यावर मात्र कोशकारांचं अजून एकमत नाही.

हे मी वर्गातल्या एकाच मैत्रिणीला सांगितलं. ती बदलापूरची, वडील बँकेत. वर्गातल्या एकीलाच त्याच संस्थेत स्पॅनिश शिकवायची नोकरी मिळणार होती आणि त्यासाठी एका शब्दावर सगळ्यांसमोर बोलायचं होतं. मला ती नोकरी हवीच होती. बाबांचं काम बघायचंय म्हणाली, म्हणून तिला घेऊन गेले. सागवानात पिळण्याआधी बाबा स्क्रू साबणाच्या वडीवर घासतात, म्हणजे तो अडत नाही. "काका, भारीच!" ती म्हणाली. बाबांनी तिच्यासाठी चहाबरोबर खारी मागवली.

भाषणाच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले. तिचा नंबर माझ्याआधी होता. उभी राहिली आणि म्हणाली, "माझे आजोबा सुतार होते." मग बिजागरी, मग बिसाग्रा, मग ती साबणाची वडीसुद्धा. तिचे आजोबा तलाठी होते! शब्द नेला तो नेला, बयेने माझा बापही उचलला. तो राग अजून गेलेला नाही.

उठून तिथेच तिला खोटं पाडायला हवं होतं. पण प्रवेशअर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मीच 'व्यापार' लिहिलं होतं आणि तिच्याखेरीज वर्गभर आमचं दुकान असल्याचं सांगितलं होतं. गप्प बसले. माझी पाळी आली तेव्हा 'साखर' या शब्दावर काहीतरी तोंडाला येईल ते बोलले. नोकरी तिला मिळाली.

अंबरनाथला घरी जाताना बाबा म्हणाले, "साबणाचं माझ्याकडूनच उचललं तिने. असू दे. पण आजोबा सुतार होते हे सगळ्यांसमोर बोलली, लाजली नाय."

मी पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांना दिली.

"मला काय करता ते कोणी विचारलंच नाय," ते म्हणाले. "मी 'दुकान आहे' सांगणार होतो, तू सांगायला बोललीस तसं."