बकेटीचा रामराम

आमच्या निमगाव सावा गावात रामराम घालताना लोक हात जोडतात, फार तर मान हलवतात. लोडरतात्या लोडर उचलत. समोरून ओळखीचा माणूस आला, की त्यांच्या मिनी ट्रॅक्टरच्या पुढचे दोन लोखंडी हात घरघरत वर जायचे, बकेट तात्यांच्या टोपीच्याही वर पोचायची, क्षणभर थांबायची आणि खाली यायची. माणूस जितका जवळचा, तितकी बकेट उंच. सोसायटीच्या सचिवाला गुडघ्याएवढा रामराम, व्याह्यांना छातीएवढा. बकेट रिकामी असती, तर या रिवाजाविषयी मला काही तक्रार नसती. ती बहुधा भरलेली असे.

तात्या आमचे शेजारी. त्यांचे वडील मेंढरे राखत, आणि तरुणपणी तात्याही घोड्यांवर बिऱ्हाड लादून कळपामागे घाट उतरून कोकणात जात. पुढे त्यांनी काठी ठेवली आणि ट्रॅक्टर घेतला. मोठा ट्रॅक्टर द्राक्षाच्या मांडवाखाली शिरत नाही. हा बुटका, अरुंद ट्रॅक्टर शिरतो. त्याला पुढे लोडर बसवून तात्या बागांतून लेंडीखत, कोंबडखत भरून टाकत. त्यांचे चुलतभाऊ धोंडूआबा मात्र मेंढरांबरोबरच राहिले. तात्या वेगळे झाले त्या दिवशी आबा म्हणाले होते, "लोखंडाच्या मागं चाललास. ते काय तुला वळखणार हाय?" हे वाक्य तात्यांनी मला कितीदा ऐकवले असेल! दरवर्षी आबांचा कळप आमच्या रस्त्याने कोकणात जाई आणि पावसाच्या तोंडावर परते. आबा दिसले, की बकेट शेवटपर्यंत वर जाई. तेवढी दुसऱ्या कोणासाठीच जात नसे. रस्त्यावरून आबा काठी उंच करत. तात्या ओरडत, "वळखलं का न्हाई, आबा?"

मी त्या काळात कृषी अभियांत्रिकी शिकत होते आणि ज्याला त्याला समजावण्याचा माझा उत्साह दांडगा होता. एका सुट्टीत मी तात्यांना त्यांच्याच ओसरीवर तिवई दाखवली. ट्रॅक्टरची पुढची चाके ज्या आसावर असतात, तो आस मध्ये एका खिळीवर झुलतो. म्हणून चार चाकांचा ट्रॅक्टर तोल सांभाळताना तीन पायांवर उभा असल्यासारखा वागतो: मागची दोन चाके आणि पुढची ती खिळी. बकेट भरली की भार पुढच्या एकट्या पायावर सरकतो, मागची चाके हलकी होतात. आणि बकेट वर नेली, की तोल ढळायला लहानसा उतारही पुरतो.

तात्यांनी तिवई उलटीसुलटी करून पाहिली. "म्हंजे जनावर चार पायाचं म्हणून घेतलं, आन् निघालं तीन पायाचं. फसवलं की गं दुकानदारानं!"

"चेष्टा नको, तात्या. मागे वजन लावा आणि बकेट खाली ठेवून चालवा."

"मला बुडाखाली कळतं, बाय. मागलं चाक हलकं झालं की शीटच सांगतं."

"सांगतं, पण तोवर उशीर झालेला असतो."

"झालं! आता शीटबी लेट येतं, यष्टीसारखं."

काकू आतून भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तिचं ऐका. तुमच्या त्या शीटला किती कळतं ते मला ठावं हाय." काकू शाळेत गेल्या नव्हत्या आणि माझी तिवई त्यांनी नीट पाहिलीही नव्हती, पण त्या दिवसापासून ट्रॅक्टर दारातून हलला, की त्या उंबऱ्यातून एकच शब्द टाकू लागल्या, "खाली!" तात्या बकेट खाली घेत. रस्त्याच्या वळणापर्यंत ती खाली राहत असे, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

वजनाचे मात्र त्यांनी मनावर घेतले. मी त्यांच्याबरोबर आळेफाट्याच्या गॅरेजात गेले. तिथे लोखंडी पेटी करून तिच्यात काँक्रीट ओतले आणि ती ट्रॅक्टरच्या मागच्या जोडणीला, नांगर लावतात तिथे, अडकवली. मिस्त्रीने विचारले, "तात्या, हे कशापायी?" तात्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिच्या कॉलेजात म्हणत्यात, म्हाताऱ्याच्या बुडाला वजन न्हाई." त्या पेटीला त्यांनी पिवळा रंग दिला आणि नवी सून आणावी तशा कौतुकाने ती गावभर मिरवली.

त्यांना धोका कळतच नव्हता, असे मी म्हणणार नाही. आहुप्याकडे एका रस्त्याच्या कडेला मुरूम पसरायचे काम होते. तात्यांनी ट्रॅक्टर खाली लावला, उतार पायांनी चालून पाहिला आणि आडवे जायला साफ नकार दिला. भरलेली बकेट जमिनीलगत ठेवून ते सरळ वर चढले. तशीच पुन्हा खाली आणायची वेळ आली, तेव्हा तोंड चढाकडे ठेवून उलटे, मागे मागे उतरले. कामावरची माणसे हसली. "हसा राव," तात्या म्हणाले. "उलटा आलो, पण आलो ना?" ही हकीकत ऐकून मी निश्चिंत झाले. मी एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती: आहुप्याला त्यांच्या ओळखीचे कोणीच नव्हते.

त्यानंतर मला नोकरी लागली. ट्रॅक्टर कलत्या चौथऱ्यावर चढवून तो कितव्या अंशाला उलटतो हे मोजण्याचे आमचे काम आहे. त्या उन्हाळ्याच्या शेवटी मी तिथेच होते, आणि गावाकडून फोन आला, की ट्रॅक्टर उलटून तात्या गेले.

घटना मी नंतर तुकड्यातुकड्यांनी जुळवली. तात्या एका द्राक्षबागेत खत टाकत होते. ओळीच्या टोकाला वळताना मागची पेटी वेलांना घासत होती, म्हणून त्यांनी ती काढून बांधावर ठेवली. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी पाठीमागची कमान मांडवाच्या तारांत अडकत होती, म्हणून ती आडवी केली. कमान आडवी असली की सीटचा पट्टा बांधायचा नसतो, म्हणून पट्टाही नव्हता. तिन्ही कारणे आपापल्या जागी बरोबर होती. बागेत जमीन सपाट होती, आणि तिथे काहीच झाले नाही. शेवटची बकेट रस्त्याकडेच्या ढिगातून भरून तात्या बागेकडे वळत होते. ती वाट उतरती आहे. तेवढ्यात रस्त्यावर धोंडूआबांची मेंढरे आली.

"बकेट वर गेली," आबांनी मला सांगितले. ते काठी आडवी धरून आमच्या ओट्यावर बसले होते. "मी काठी वर केली. त्यो हसत व्हता, बाय. वळखलं का म्हणाला, तेबी मला ऐकू आलं. मग बकेट माझ्याकडं यावी तशी आली. मला वाटलं, मुद्दाम करतोय." मग त्यांनी विचारले, "मी काठी वर केलीच न्हाई असती तर?"

मी त्यांना गुरुत्वमध्याविषयी काही सांगू शकले असते. एवढेच म्हणाले, की बकेट काठीच्या आधीच वर गेली होती. ते खरे आहे. त्याने आबांना बरे वाटले की नाही, मला माहीत नाही. चौथऱ्यावर ट्रॅक्टर कलू लागला की अजूनही माझे लक्ष आकड्यांवरून उडते. आम्ही टायर तपासतो, जमीन तपासतो, वजन तपासतो. समोरून भाऊ आला तर माणूस काय करतो, हे आमच्या चाचणीत नाही.

पुढच्या वर्षी कळप परतला तेव्हा मी गावी होते. तात्यांचा मुलगा किसन आता ट्रॅक्टर चालवतो. तो अंगणात त्यावर बसला होता. मागे पिवळी पेटी, पाठीशी कमान उभी, बकेटीत खत. रस्त्यावर आबा थांबले. त्यांनी काठी उचलली नाही. नुसते पाहत राहिले.

किसनचा हात लोडरच्या दांड्यावर गेला. उंबऱ्यात काकू उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून त्यांचा तो एक शब्द निघाला नाही.

किसनने दांडा पुढे लोटला. बकेट जमिनीला टेकली. त्याने इंजिन बंद केले, पट्टा सोडला, खाली उतरला आणि मेंढरांतून वाट काढत रस्त्यापर्यंत चालत गेला.

"चालत आलास व्हय रं?" आबा म्हणाले. "बा तुजा वरनंच करायचा रामराम."

"मी खालनं करतो, आबा," किसन म्हणाला आणि त्यांच्या पायांशी वाकला.