टिटवीच्या नावानं खोटं

माझ्या थोरल्या चुलत्याला एकदा तरी आभाळाची भीती वाटलेली मला बघायची होती. एवढीच माझी इच्छा होती आणि तिच्यासाठी मी दोन वर्षं डूख धरून होते. आता वय झाल्यावर माणसं सांगतात, झालं गेलं विसरावं. विसरतील बापडी. मी काही विसरलेली नाही.

आमचं गाव जत तालुक्यात, घर मेंढरांचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सांगलीला कॉलेजात होते, घरातली पहिलीच. भूगोलाच्या सरांनी एके दिवशी फळ्यावर एक चढती रेघ काढली आणि सांगितलं, पृथ्वी तापत चाललीय, पुढं पावसाच्या सवयी बदलतील. मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं आणि डबे उघडले. माझ्या पोटात मात्र गोळा आला. आमच्याकडं पाऊस म्हणजे वर्षातून चार सरी, त्याही उपकार केल्यासारख्या. त्याच बदलल्या तर आमच्याकडं काय उरणार होतं?

तिथून ते दुखणं सुरू झालं. हॉस्टेलवर कुणी नळ चालू ठेवून दात घासायला लागलं की माझे हातपाय गार पडायचे. घास उतरायचा नाही. सुट्टीत घरी आले की दिवसातून दहा वेळा अंगणात येऊन वर बघायची. आई म्हणायची, "कुनाची वाट बघतीयास?" तिला काय सांगणार? डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लाल गोळ्या दिल्या. त्या मी इमानानं खाल्ल्या आणि आभाळ बघत राहिले.

त्याच उन्हाळ्यात तात्यानं, म्हणजे या थोरल्या चुलत्यानं, ओढ्याकाठच्या सात बाभळी वीटभट्टीला तोडून दिल्या. झाडं दोन्ही घरांची सामाईक. वैशाखात रानात काडी नसते, तेव्हा त्या बाभळींच्या शेंगांवर आमची मेंढरं तगायची. वडील धाकटे, थोरल्यापुढं त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. मी उघडलं. झाडं गेली की ओल जाते, ओल गेली की पाऊस लांबतो, सरांनी शिकवलेलं सगळं मी त्याला चारचौघांत, पारावर ऐकवलं.

तात्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तंबाखू मळत म्हणाला, "झाडाबिगर पाऊस पडत न्हाई व्हय? मग समुद्रावर कोन बाभळी लावाय गेलतं गं?"

सगळा पार हसला. हसता हसता एका म्हाताऱ्याला ठसका लागला. ते माझ्या जिव्हारी लागलं. सारखी आभाळावर नजर ठेवते म्हणून गावानं मला 'आभाळाची सासू' म्हणायला सुरुवात केली. विहिरीवर बायका विचारायच्या, "सासूबाई, सून कवा येनार?" सून म्हणजे पाऊस. दर सुट्टीत मी त्या बाभळींच्या खुंटांवर जाऊन बसायची आणि ठरवायची, याचं उट्टं काढायचं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मग याचं जळलं पाहिजे.

वाट मला टिटवीनं दाखवली. आमच्यात पावसाचा अंदाज टिटवीच्या अंड्यांवरून बांधायचे. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते. उंचावर घातली तर पाऊस दांडगा, खोलगटात घातली तर पाऊस नाही. अंडी वाहून जाऊ नयेत एवढी अक्कल पाखराला असतेच. पण मेंढक्याची, मेंढरं राखणाऱ्या गड्याची, सावली पडली तर टिटवी अंडी टाकून जाते, असं आमच्या घरात मानायचे. म्हणून बघून यायचं काम घरातल्या बिनलग्नाच्या पोरीचं. ती येऊन सांगेल तो शब्द. मेंढरं कृष्णाकाठाला न्यायची की घरीच थांबून पावसाची वाट बघायची, हे त्या एका शब्दावर ठरायचं. माझ्या भूगोलाला हसणारा तात्या या बाबतीत मात्र मी म्हणेन ते ऐकणार होता.

दोन वर्षांनी तो वैशाख आला. शेंगा नव्हत्याच, म्हणून वडील आमची मेंढरं घेऊन आधीच नदीकडं गेले होते. तात्या टिटवीसाठी थांबला होता.

एका सकाळी मला अंडी दिसली. ओढ्याच्या अगदी पात्रात, कोरड्या वाळूत, चार. याहून खोल जागा आमच्या शिवारात नव्हती. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. एरवी माझे हातपाय गार पडले असते. त्या दिवशी मला सणसणून भूक लागली. तिथंच वाळूत बसून मी बरोबरची भाकरी खाल्ली, चवीनं.

घरी आले तर तात्या दारातच बसलेला.

"कुटं हाईत गं?"

"माळावर. पार टेकाडाच्या डोक्यावर."

"किती?"

"चार."

"बघ," तो चुलतीला म्हणाला, "चारी म्हैनं पाऊस. आन हिचं पुस्तक म्हनतंय पाऊस आटला." मी त्याला तांब्याभर पाणी आणून दिलं.

मिरग कोरडा गेला. पुढचं नक्षत्रही तसंच गेलं. मग तात्या मेंढरं घेऊन नदीकडं निघाला, म्हणजे वरातीमागून घोडं. तोवर तिकडची रानं नदीच्या पाण्यावर पेरून झाली होती. मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवून घेणारे शेतकरी उभ्या पिकात कशाला येऊ देतील? काठावरचं गवत वडिलांसारख्या आधी गेलेल्यांनी धरलं होतं. पंधरा दिवसांत तो माघारी आला आणि मेंढरं मरायला लागली. मी बघायला जायची, मुद्दाम जायची. मेंढरांचा काही गुन्हा नव्हता हे मला कळत होतं. तरी जायची.

एक दिवस चुलती आईला सांगताना ऐकलं, "जेवत न्हाईत. सारकं अंगनात येऊन वर बघत्यात." माझं काळीज सुपाएवढं झालं.

संध्याकाळी तो ओढ्याकाठी बाभळीच्या खुंटावर बसलेला दिसला. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यानं विचारलं, "पोरी, तुझ्या पुस्तकात काय लिवलंय? येईल का गं पाऊस?"

दोन वर्षं जिभेवर धरून ठेवलेलं मी बोलले, "समुद्रावर बाभळी लावून बघा तात्या."

तो चिडेल असं वाटलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता मान हलवत राहिला. मग म्हणाला, "आभाळ बघितलं की पोटात गोळा येतोय. हातपाय गार पडत्यात. तुलाबी आसंच हुतंय व्हय गं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"दोन वरसं झाली."

"आन आमी हसत हुतो." तो खुंटावर जरा सरकला. मी बसले. दोन वर्षांत आईनं, डॉक्टरांनी, कुणीच मला असं विचारलं नव्हतं. विचारलं ते यानं, ज्याला मी बुडवला होता त्यानं. अंडी ओढ्यात होती, हे तोंडाशी आलं होतं. पण खुंटाचा कोरडा, कुऱ्हाडीनं तुटलेला काठ मांडीला टोचत होता. मी बोलले नाही.

"टिटवीबी खोटं बोलाय लागली," तात्या म्हणाला. "आता कुनाचं ऐकायचं?"

पुढं आमच्या घरातून अंडी बघायला कुणाला पाठवलं नाही. तात्या हयात होता तोवर टिटवी ओरडली की दगड उचलून मारायचा. पाखरू एकदाही चुकलं नव्हतं, हे त्या शिवारात फक्त मला माहीत होतं.