न फाटलेला पदर

धुरपदाला कोकरू कधी चुकलं नाही. केंदूरच्या आमच्या आळीत बहुतेकांनी मेंढरं विकून शेती धरली होती, उरलेल्यांची मिळून शे-दीडशे असतील. तरी संध्याकाळी कोकरं पाजायची वेळ झाली की तिला बोलावणं यायचं. चरून आलेल्या मेंढ्या आणि दिवसभर कोंडलेली कोकरं यांचा एकच गलका उडायचा. त्यातून ती एकेक कोकरू उचलायची आणि नेमकं त्याच्या आईपुढे सोडायची. मेंढी हुंगायची आणि गप्प उभी राहायची.

"तोंड येकदा बघितलं की बघितलं," ती म्हणायची.

हाच भरवसा पुढे कोर्टात गेला.

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तिचा मुलगा मल्हार अपघातात गेला. शिक्रापूरच्या एका कारखान्यात तो नुकताच कामाला लागला होता. बावीस वर्षांचा. सुट्टीच्या दिवशी आईला बाजार करून सायकलवर घेऊन येत होता. धुरपदा मागे कॅरेजवर एका अंगाला पाय सोडून बसली होती, तोंड शेताकडे करून. मागून गाडी आली. धक्का बसला तशी ती बाजूच्या खडीत फेकली गेली. गाडी थांबली नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत मल्हार संपला होता. त्या संध्याकाळी तिने आपल्या लेकीला, अंजनाला, एवढंच सांगितलं होतं: "कसली गाडी व्हती, कोण चालवत व्हतं, मला काय बी दिसलं न्हाई."

मग माणसं भेटायला यायला लागली. दिवसाला दहा-बारा. प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. तिचे दीर आप्पा शेजारी बसून तिला जमेल तशी मदत करायचे. डायव्हर खाली उतरला आसंल, आप्पा म्हणायचे. वाकून बघितलं आसंल. पोरगं गेलं म्हणल्यावर पळाला आसंल. ऐकणारे माना हलवायचे. धुरपदाही हलवायची. तेराव्यापर्यंत त्या तिन्ही वाक्यांतला 'आसंल' गळून पडला. कुणी तो काढला नाही. बोलता बोलता गेला.

बाया वेगळं विचारायच्या. रगत थांबवाया काय बांधलंस गं? धुरपदाने एकदा सांगितलं की पदर फाडला आणि पोराच्या डोक्याला गुंडाळला. त्या बाईने डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवसापासून धुरपदाला तो फाडताना झालेला आवाजही ऐकू येऊ लागला.

दोन आठवड्यांनी पोलिसांनी घोडनदी गावच्या एका टेम्पोवाल्याला पकडलं. सुभान त्याचं नाव. त्याच्या टेम्पोत रक्ताचे डाग होते. धुरपदापुढे उभा केला तेव्हा ती पाहताक्षणी किंचाळली. भुवईजवळची चिरेची खूण, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. हेच तोंड त्या दिवशी आपल्यावर वाकलेलं तिने पाहिलं होतं. त्यात तिळाएवढी शंका नव्हती.

कोर्टात सुभानने सांगितलं की धडक देणारी गाडी निघून गेली होती, तो मागून आला. मायलेकरं रस्त्यात पडलेली दिसली म्हणून थांबला. आपला लाल रुमाल पोराच्या डोक्याला बांधला, दोघांना टेम्पोत घालून दवाखान्यात सोडलं, आणि पोलिसांच्या भीतीने नाव न सांगता निघून आला. सरकारी वकिलाने विचारलं, काही केलं नव्हतं तर पळालास कशाला? धुरपदाने सांगितलं, रस्त्यावरच्या लोकांनी आम्हाला दवाखान्यात नेलं. रुमाल कसला, मी माझा पदर फाडून बांधला. सुभानच्या वकिलाने विचारलं, बाई, तोंड ओळखण्यात चूक होऊ शकते ना?

"शंभर कोकरांत कोकरू चुकत न्हाई माझं," ती म्हणाली. "माणसाचं तोंड चुकंल व्हय?"

आळीतली माणसं हे वाक्य कित्येक वर्षं अभिमानाने सांगायची. निकालाच्या आदल्या दिवशी अंजनाने आईला आठवण करून दिली होती, तू तर तेव्हा काही दिसलं नाही म्हणाली होतीस. धुरपदा म्हणाली, "तू कुठं व्हतीस तवा?" पुढे तिलाही वाटायला लागलं की आपणच चुकीचं ऐकलं असेल.

सुभानला दीड वर्षाची शिक्षा झाली.

अपघाताच्या दिवशीचं लुगडं धुरपदाने त्या रात्रीच धुऊन पेटीच्या तळाशी ठेवलं होतं आणि पुन्हा कधी उलगडलं नव्हतं. दहा वर्षांनी, दोन हजार चार साली, अंजनाच्या लेकीला, अंकिताला, बाळ होणार होतं. त्याच्यासाठी गोधडी शिवायला घेतली. मऊ कापड कमी पडलं तेव्हा धुरपदा स्वतःच म्हणाली, ते लुगडं काढ. पोराच्या अंगाखाली अंकिताच्या मामाचं काहीतरी राहील. फाटका पदर तेवढा बाजूला कर.

अंजनाने ओसरीवर लुगडं पसरलं. एक टोक पाहिलं, मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. मधोमध, मांडीच्या जागी, न निघालेला एक तपकिरी डाग होता. पदर काठासकट अखंड होता.

धुरपदाने तो हातात घेतला. आंधळ्या माणसासारखी बोटं फिरवत ती या काठापासून त्या काठापर्यंत गेली. दुसरं लुगडं आसंल, अंजना म्हणाली. धुरपदाने डागाकडे बोट केलं. मग तिने विचारलं, "मग पोराच्या डोक्याला काय बांधलं व्हतं?"

कोर्टात त्या माणसाने काय सांगितलं होतं ते दोघींनाही ठाऊक होतं.

चार दिवसांनी ती लुगड्याची घडी पिशवीत घालून निघाली. सोबत अंजना. घोडनदीत चौकशी केली तर कळलं, तुरुंगातून सुटल्यावर सुभानने गाव सोडलं, दौंडला सासुरवाडीच्या आधाराने राहतो. मग दौंडची एसटी धरली. वाटेत धुरपदा अंजनाला एकच सांगत होती. तोंड चुकलं न्हाई माझं. तोंड त्येचंच व्हतं.

सुभान एका पत्र्याच्या शेडपुढे बसून बारदान सांधत होता. फाटक्या पोत्यांचा ढीग एकीकडे, शिवलेल्यांचा दुसरीकडे. गाडी त्याने पुन्हा चालवली नव्हती. त्याची बायको बेगम दारात आली. तिने धुरपदाला लगेच ओळखलं.

"आता काय ऱ्हायलंय?" ती म्हणाली. "परत बोट दाखवाया आलात का?"

सुभानने तिला हाताने थांबवलं, एक पोतं झटकून पुढे टाकलं आणि मावशी, बसा म्हणाला. धुरपदा बसली नाही. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं. पेटी, लुगडं, गोधडी. आपण कोर्टात खोटं बोललो, पण बोलताना ते खोटं नव्हतं. कुठे जाऊन सांगायचं असेल तर ती सांगेल, म्हणेल त्याच्यापुढे उभी राहील. ऐकता ऐकता बेगम रडायला लागली. मी रोज सांगत होते, ती नवऱ्याला म्हणाली, रोज सांगत होते तुम्ही नाही मारलं म्हणून.

सुभान दाभणात सुतळी ओवत होता.

"मावशी, पयल्यांदा मला पक्कं ठावं व्हतं," तो म्हणाला. "मग कोर्टात ऐकलं, आत ऐकलं, बाहेर आल्यावर ऐकलं. तू मारलंस, तू मारलंस. आता डोळं मिटलं की चाकाखाली धक्का बसतो. सायकलीची घंटी वाजल्याली ऐकू येती. माझ्या हाताला स्टेरिंग लागतं."

बेगमचं रडणं थांबलं. हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

"रुमाल बांधल्याला बी आठवतो," तो म्हणाला. "दोन्ही आठवतं. त्यातलं खरं कुठलं?" मग त्याने मान वर करून पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही तिथं व्हता. तुम्ही सांगा. मी रुमालच बांधला ना? मी मागनंच आलो ना?"

व्हय म्हणायलाच ती इतक्या लांब आली होती. तिच्या डोळ्यांपुढे लाल रुमाल होता. दोन्ही टोकं ओढून गाठ मारणारी बोटंसुद्धा होती. पण ती बोटं इतकी स्पष्ट झाली होती ती गेल्या चार दिवसांतच. पदर फाटल्याचा आवाजही असाच स्पष्ट होता.

तिने पिशवीतून लुगडं काढलं आणि त्याच्यापुढच्या पोत्यावर ठेवलं.

"पदर फाटल्याला न्हाई," ती म्हणाली. "एवढंच मला ठावं हाय. म्होरचं मी सांगाया गेले तर ते बी मीच रचल्यालं आसंल."

सुभानने लुगड्याला हात लावला नाही. बेगमने ते उलगडून पदराची दोन्ही टोकं पाहिली, पुन्हा पहिली होती तशीच घडी घातली आणि परत दिलं. चहा कुणी विचारला नाही. दोघी मिळेल त्या एसटीने परत आल्या.

अंकिताच्या बाळाची गोधडी दुसऱ्या कापडाची झाली. आळीत अजून मेंढरं आहेत. संध्याकाळी कुणी सवयीने कोकरू घेऊन धुरपदापुढे येतं आणि विचारतं, मावशे, हे कुणाचं? ती त्याच्या तोंडाकडे बघत नाही.

"खाली सोड," म्हणते. "त्येचं त्ये हुडकंल."