मायटोकॉन्ड्रियाशेजारी माझा फोटो

आता तुम्ही हसणार, मला माहीत आहे. हसा, पण आधी ऐकून घ्या. मी देवळाली प्रवरात बारावीला जीवशास्त्र शिकवतो. विज्ञानदिनाला पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियावर माझं व्याख्यान असतं आणि समोर माणसांपेक्षा खुर्च्याच जास्त असतात. यंदा प्राचार्यांनी तोंडावरच सांगितलं, "गायकवाड सर, हॉल भरला नाही तर पुढच्या वर्षीपासून व्याख्यान बंद. रांगोळी स्पर्धा घेऊ."

माझ्या मायटोकॉन्ड्रियाच्या जागी रांगोळी? डोकंच फिरलं माझं.

चौकात फ्लेक्स लावायचं ठरवलं. त्यावर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून घेतलेला मायटोकॉन्ड्रियाचा भलामोठा फोटो. बाहेरचं आवरण गुळगुळीत, आतल्याला घड्याच घड्या. पण हा मायक्रोस्कोप रंग दाखवत नाही, सगळं काळंपांढरं. त्याच्या शेजारी लाल टायमधला मी अगदीच नवरदेव दिसायला लागलो.

फ्लेक्सवाल्याला म्हटलं, "माझाही फोटो काळापांढरा कर. शास्त्रीय वाटलं पाहिजे."

"सर, नक्की ना?"

"तुला विज्ञानातलं काय कळतं? सांगतो तसं कर."

शनिवारी फ्लेक्स लागला आणि मी बायकोला घेऊन अकोले तालुक्यात सासुरवाडीला गेलो. तिकडे डोंगरात मोबाईलला रेंज कुठली? आता मला सांगा, आपल्याकडे फ्लेक्सवरचा मजकूर कोण वाचतो? लोक फोटो बघतात, फार तर खालची वेळ आणि ठिकाण. आणि चौकात माणसाचा काळापांढरा फोटो लागला की त्याचा अर्थ एकच, माणूस गेला. हे साऱ्या तालुक्याला कळतं, मला सोडून.

रविवारी एसटीने परस्पर हॉलवर पोचलो, तर बाहेर गाड्यांची रांग. आत पाय ठेवायला जागा नाही. ऊर भरून आला हो माझा. मागच्या दाराशी उभा राहिलो. पुढे दोन म्हातारे बोलत होते.

"लई वाईट झालं. शेजारी एक्सरे छापलाय त्यांचा, बघितला का?"

"व्हय. आतड्याला पार पीळ पडला हुता. घड्या किती त्या."

स्टेजवर आमचे पुढारी. तालुक्यातला एकही दशक्रिया विधी न चुकवणारे. "सरांनी हयात विज्ञानासाठी झिजवली," ते गहिवरून सांगत होते. खरं सांगतो, माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणीच कधी बोललं नव्हतं. मी थोडा वेळ ऐकतच राहिलो.

मग पुढे जाऊन माईक घेतला. "मंडळी, मी जिवंत आहे. बसा, व्याख्यान सुरू करू."

पुढारी वैतागले. "आधी सांगायचं ना राव. मला अजून दुसरीकडं जायचं हाय."

ते उठले, त्यांच्यामागे हॉल उठला. मी आतल्या आवरणाच्या घड्यांपर्यंत आलो तेव्हा समोर फक्त प्राचार्य उरले होते. व्याख्यान संपल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला.

"हॉल भरला, सर. शब्द दिला होता, पुढच्या वर्षीही कार्यक्रम ठेवू. फक्त तुम्ही येऊ नका."